वर्गात लेकरू बसंना झालंय? शाळेतल्या ओटी आणि सेन्सरी मदतीची सुरुवात कुठून करायची

"मॅडम, पोरगं एका जागी बसंनाच झालंय बघा, सर म्हणायलेत ह्याला कुठंतरी दाखवून आणा." माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचं पहिलं वाक्य हेच असतं, गाव तेवढं बदलतं. आता कुठंतरी म्हणजे नेमकं कुठं हे सरांनाही माहीत नसतं आणि आईबापालाही, मग आधी अंगारा-धुपारा होतो, मग ताकदीचं टॉनिक, मग ट्युशन, आणि असं करत करत दीड-दोन वर्षं गेली की कुणीतरी पाहुणा सांगतो, अहो ते ओटी का काय असतंय बघा. मी ती ओटीवाली. लातूरला बसते, जमेल तसं आसपासच्या शाळांतही जाते. नवीन पालक आणि नवीन गुरुजी-बाई यांना तेच तेच सांगत असते, ते एकदाच लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

ओटी म्हणजे काय, दोन मिनिटांत

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात आणि ह्या शब्दानं घोटाळाच जास्त होतो. एका आजोबांनी मला सरळ विचारलं होतं, "बाई, सात वर्षाच्या पोराला आत्तापासूनच कुठला धंदा शिकवणार?" लेकराचा धंदा म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, रांगेत उभं राहणं, आणि तो जमत नसेल तर का जमत नाही ते शोधून जमेल असं करणं, एवढंच ओटीचं काम. तशी ही विद्या आपल्याकडे नवीन नाही, १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी देशातलं पहिलं ओटीचं शिक्षण सुरू केलं, पण आपल्या भागात अजून फिजिओ आणि ओटी एकच समजतात. ढोबळ फरक असा धरा की फिजिओ पायात ताकद कशी येईल, चाल कशी सुधरेल ते बघतो, आणि ओटी बघते की ते लेकरू चड्डीची नाडी बांधतंय का, डब्याचं झाकण उघडतंय का, फळ्यावरचं वहीत उतरवतंय का.

आता सेन्सरी, म्हणजे ज्ञानेंद्रियांकडून कळणाऱ्या संवेदनांचं. डोळे, कान, नाक, जीभ, कातडी ही पाच आपण शाळेत पाठ केलेली. ह्याच्यापुढं अजून तीन आहेत आणि वर्गातली बरीच भानगड तिथंच असते. एक आतल्या कानातली, तोल आणि हालचाल सांगणारी. दुसरी स्नायू आणि सांध्यांतली, हातपाय कुठं आहेत आणि किती जोर लावायचा ते सांगणारी. तिसरी पोटातली म्हणा, भूक, तहान, लघवी लागली हे कळवणारी. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन ओटीनं साठ-सत्तरच्या दशकात ह्या सगळ्याचा अभ्यासाशी आणि वागण्याशी संबंध जोडून दाखवला, तिथून सेन्सरी इंटिग्रेशन हा शब्द आला.

मी पालकांना गावातल्या लाइटचं उदाहरण देते. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) जवळच्या घरात व्होल्टेज इतकं येतं की बल्ब फुटायलेत, आणि शेवटच्या घरात पंखा नुसता हलायलाय. लेकरांचं तसंच. एकाला शाळेची घंटा कानात सुरी घातल्यासारखी लागते, त्याचं व्होल्टेज जास्त. दुसऱ्याला अंगाला काही कळतच नाही म्हणून ते धडका मारतं, उड्या मारतं, पेन्सिल चावून तिचा चोथा करतं, म्हणजे कमी पडलेलं व्होल्टेज स्वतःच खेचून घेतं. आणि एकाच लेकरात कानाचं जास्त, अंगाचं कमी असंही असतं, म्हणून "ह्याला सगळ्याचाच त्रास" असं धरून चालू नका.

सुरुवात दवाखान्यातून, खेळण्याच्या दुकानातून नाही

कुठल्याही थेरपीच्या आधी कान आणि डोळे तपासून घ्या. हसू नका, फळा दिसत नाही म्हणून उठून पुढं जाणारी लेकरं मी चिकार बघितलीत, आणि कानात मळ घट्ट बसल्यानं ऐकत नाही म्हणून मार खाणारी पण. मग हिमोग्लोबिन, जंत (फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी देतात, ती खरंच खाल्ली का खिशात राहिली ते बघा), झोप किती, आणि शौचाला रोज होतंय का. पोट गच्च असलेलं लेकरू स्थिर बसणार कसं? अजून एक, वर्गात मध्येच काही सेकंद नजर एका जागी लागते, हाक मारली तरी कळत नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढं सुरू, हे दिवसातून बऱ्याचदा होत असेल तर तो आळशीपणा नसून फिटचा एक प्रकार असू शकतो, लहान मुलांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं. आधी येत असलेलं बोलणं बंद पडलं किंवा हातापायातलं काम मागं गेलं तरी उशीर नको.

सरकारी वाट पण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी लेकरू शाळेत पाहिजे, आणि आई सोबत जाऊन तोंडानं सांगेल तर फारच बरं, कारण डॉक्टरपुढं शंभर लेकरांची रांग असते आणि तुमचं पोरगं त्या दोन मिनिटांत अगदी शहाण्यासारखं बसून दाखवणार हे ठरलेलं. तिथून जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवतात, म्हणजे लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र. तिथं थेरपी फुकट असते.

वही घाला. हे सगळ्यात मोठं काम

खरं सांगू का, माझ्याकडे येण्याआधी कुणी एक आठवडा वही लिहून आणली तर माझं अर्धं काम झालेलं असतं. दहा रुपयांची वही, आणि त्यात "आज त्रास दिला" असलं काही लिहायचं नाही. किती वाजता, कुठं, त्याच्या लगेच आधी काय झालं, त्यानं काय केलं, किती वेळानं शांत झाला, बस. दुसरीतल्या एका पोराच्या बाईंनी लिहिलेली वही मला अजून आठवते, साधारण अशी होती:

सोमवार. परिपाठ चालू, माइक लावला. कान दाबले, रांगेतून पळाला, पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला. सात-आठ मिनिटांनी आपला आपण आला.

मंगळवार. लाइट नव्हती, माइक बंद. पूर्ण परिपाठ उभा राहिला. प्रतिज्ञा पण म्हणली.

बुधवार. माइक. परत पळाला. खिचडीनंतर गणिताच्या तासाला पुढच्याला ढकललं. पुढच्याचं दप्तर ह्याच्या मांडीला घासत होतं.

हा मंगळवार बघितला का? महावितरणनं फुकटात तपासणी करून दिली. तोपर्यंत सगळी शाळा म्हणत होती की पोराला शिस्त नाही, प्रार्थनेची लाज नाही, आणि आई त्याला रोज सकाळी दम देऊन पाठवायची. त्याला प्रार्थनेचं वावडं नव्हतं, कर्ण्याचं होतं. मग उपाय काय केला तर कर्ण्याचं तोंड रस्त्याकडं फिरवलं, ह्याला रांगेच्या शेवटी लिंबाच्या झाडाजवळ उभं केलं, आणि माइक सुरू व्हायच्या आधी बाई हातानं खूण करायच्या म्हणजे त्याला अचानक दचकायला होणार नाही. रुपया खर्च नाही. पळणं एका दिवसात थांबलं नाही हां, तीन आठवडे लागले, आणि पंधरा ऑगस्टच्या ढोलाला परत पळालाच, पण तेवढं चालायचं.

तर वही वाचताना तीन गोष्टी शोधा. कुठल्या वेळी जास्त होतंय, कुठल्या जागी, आणि कधी अजिबात होत नाही. तिसऱ्याकडं कुणी बघत नाही आणि उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

ओटी शोधणं

आपल्याकडे ओटी कमी आहेत हे खरंय. संभाजीनगर, लातूर, नांदेडला मिळतील, हिंगोली, धाराशिवकडच्या लोकांना फिरावं लागतं, बरेच जण सोलापूर, पुणे नाहीतर हैदराबाद गाठतात. बोर्डावर चाइल्ड थेरपी सेंटर लिहिलं म्हणजे आत ओटी आहेच असं नसतं, म्हणून डिग्री विचारा, बीओटीएच किंवा एमओटीएच, आणि राज्याच्या ओटी-पीटी (पीटी म्हणजे फिजिओ) कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा. ह्यात लाजायचं काय, आपण बैल घेताना दात बघतो की.

पहिल्या भेटीत ओटीनं लेकराला खेळताना बघितलं पाहिजे, तुमची वही वाचली पाहिजे, आणि शाळेत काय होतं ते विचारलं पाहिजे. जाताना तुम्हाला दोन कागद मिळाले पाहिजेत, एक घरी काय करायचं आणि एक शाळेत काय करायचं. दूरगावचे असाल तर स्पष्ट सांगा, मॅडम मला आठवड्याला येणं होणार नाही, महिन्यातून एकदा येते, बाकी मला शिकवा. चांगली ओटी ह्याला नाही म्हणत नाही. उलट लेकराला आत घेऊन दार लावायचं आणि तासानं बाहेर सोडायचं, आईनं तोपर्यंत बाकड्यावर मोबाइल बघायचा, असं महिनोन्महिने चाललं असेल तर प्रश्न विचारा.

एक जपून घ्यायची गोष्ट. कुणी नुसतं "सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर" (म्हणजे संवेदना नीट हाताळता न येणं) लिहून दिलं तर तिथंच थांबू नका. सेन्सरी त्रास खरा असतो, ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निकषांत तो २०१३ पासून धरलेला पण आहे, पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच सांगितलंय की हे वेगळं निदान म्हणून लावू नका, त्याच्यामागं ऑटिझम, एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न टिकणं), चिंता असं काही आहे का ते तपासा, आणि सेन्सरी थेरपीच्या फायद्याचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा. मी स्वतः ही थेरपी करते तरी हे सांगते. म्हणून आधी ठरवा की तीन महिन्यांत काय बदललेलं दिसलं पाहिजे, म्हणजे परिपाठाला उभा राहणं, खिचडीच्या रांगेत न ढकलणं, असं डोळ्याला दिसणारं. नाही बदललं तर पद्धत बदला.

शाळेत बोलायचं कसं

भांडायच्या तयारीनं जाऊ नका. एका सरांच्या वर्गात चाळीस लेकरं, दोन वर्ग जोडलेले, वरून ऑनलाइन माहिती भरायची, त्यांना तुम्ही "माझ्या पोराला स्पेशल लक्ष द्या" म्हणलं की त्यांच्या पोटात गोळाच येणार. त्याऐवजी असं म्हणून बघा, "सर, तुम्हाला ह्याचा त्रास होतोय मला कळतंय, एकच गोष्ट पंधरा दिवस करून बघू का?" एकच. दहा गोष्टींची यादी दिली तर एकही होत नाही.

आणि तोंडी बोलून झालं की कागद द्या, पोच घ्या. साधा अर्ज पुरे:

"मा. मुख्याध्यापक सर, माझा मुलगा इयत्ता दुसरीत आहे. मोठ्या आवाजाने तो घाबरतो व जास्त वेळ लिहिले की त्याचा हात दुखतो. ओटीचा अहवाल सोबत जोडला आहे. त्याला परिपाठात कर्ण्यापासून लांब उभे करावे, अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उठू द्यावे, आणि गृहपाठ निम्मा लिहून घ्यावा, ही विनंती. पंधरा दिवसांनी येऊन भेटतो."

दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम १६ एका ओळीत टाका, मान्यताप्राप्त सगळ्या शाळांनी लेकराच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या असं त्यात आहे, म्हणजे खासगी इंग्लिश मिडीयम पण आलं. पण पहिल्याच अर्जात कायदा नको, तो खिशात असू द्या.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना फोन करा आणि शाळेत बोलवा. त्यांच्याकडं शाळा भरपूर असतात त्यामुळं दर आठवड्याला येतील अशी आशा धरू नका, पण सरांना ऑफिसचा माणूस सांगतोय म्हणलं की जरा फरक पडतो, आता हे असंच आहे.

वर्गात काय काय करता येतं

हालचाल मागणाऱ्या लेकराला हालचाल द्या, पण कामाच्या रूपानं द्या. स्नायूंना जोर लागणारं काम केलं की बरीच लेकरं त्याच्यानंतर काही वेळ शांत बसतात, ह्याला आम्ही हेवी वर्क म्हणतो. फळा पुसणं, वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेणं, बस्करं झटकून घडी घालणं, झाडांना पाणी घालणं (बादली त्याला झेपेल एवढीच भरायची), भिंतीला दोन्ही हात लावून "भिंत ढकला" दहा वेळा. शेवटचं तर सगळ्या वर्गाला करायला लावा, कुणाला वेगळं वाटत नाही आणि जेवणानंतरची झोप पण जाते. तास सुरू व्हायच्या आधी करायचं, गोंधळ झाल्यावर नाही, नाहीतर लेकराला कळतं की ढकललं की बाहेर जायला मिळतंय. आणि एक सांगते, झाडू मात्र रोज त्याच एका लेकराच्या हातात देऊ नका. तुमच्या मनात थेरपी असेल, पण आपल्या गावात कुणाच्या लेकराच्या हातात झाडू दिला ह्याचा अर्थ वेगळा लागतो.

जागा बदलून बघा. दारात, खिडकीत, पंख्याच्या खडखडाटाखाली बसवलेलं लेकरू विचलित होणारच. भिंतीच्या कडेला, पुढून पहिल्या-दुसऱ्या ओळीत, म्हणजे एका बाजूनं तरी अचानक कुणाचा धक्का लागत नाही. खाली बसायची शाळा असेल तर बस्कर चौकोनी आणि त्याचं एकट्याचं असू द्या, खडूनं भोवती चौकट आखली तरी चालते, बऱ्याच लेकरांना आपली हद्द कुठपर्यंत हेच कळत नसतं. बाकडं असेल तर पाय टेकतायत का बघा. पाय लोंबकळत असले की लेकरू सारखं हलतं, एक वीट नाहीतर जुन्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून पायाखाली द्या.

आवाजाचं. पत्र्याची शाळा आणि पाऊस, हे ज्यानं ऐकलं त्यालाच माहीत. कानावर घालायचे आवाज कमी करणारे मफ मिळतात, ते बरे, पण दिवसभर घालून ठेवायचे नाहीत, कानाला शांततेची सवय लागली की साधा आवाजही जड जायला लागतो. घंटेच्या वेळेला, गॅदरिंगला, डीजेला, तेवढ्यापुरते.

शांत कोपरा करा. वर्गातच एका कोपऱ्यात सतरंजी, एखादी उशी, दोन पुस्तकं, समोर कपाट आडवं. लेकरू स्वतः जाऊ शकलं पाहिजे आणि पाच-दहा मिनिटांत परत आलं पाहिजे. एका शाळेत मी हा कोपरा करून दिला आणि महिन्यानं गेले तर "जा, कोपऱ्यात बस जा" असं ओरडून पोरांना तिथं पाठवायलेत! झालं, कोपरा मेला. शिक्षा म्हणून वापरला की कुठलीही सोय तिथंच संपते.

खिचडीचा वास, हाताला लागणारा गिचका, ह्यानं ओकारी येणारी लेकरं असतात, ती नखरे करत नसतात. चमचा द्या, रांगेत सगळ्यात आधी नाहीतर सगळ्यात शेवटी घ्या, पातेल्यापासून लांब बसवा. जबरदस्तीनं भरवू नका, घरून भाकरीचा डबा आणू द्या. नवीन गणवेश आधी दोन-तीनदा धुवून मऊ करा, कॉलरमागचं लेबल उसवून टाका, मोजे उलटे घाला म्हणजे शिवण बोटांना टोचत नाही. संडासला जायला घाबरतं म्हणून दिवसभर पाणी न पिणारी लेकरं पण आहेत, मधल्या सुट्टीची गर्दी ओसरल्यावर पाठवा, दार पूर्ण लावायची सक्ती करू नका, बाहेर कुणीतरी उभं राहा.

लिहिना झालंय त्याचं काय

लिहिणं हे शेवटचं टोक आहे, त्याच्याआधी खांदा, मनगट, बोटं तयार पाहिजेत. पेन्सिल तीन बोटांत नीट धरणं बहुतेक मुलांना साडेचार ते सहा ह्या वयात जमतं, आणि आपण चौथ्या वर्षी ज्युनिअर केजीत पानंच्या पानं लिहून घेतो, मग मुठीत पेन्सिल धरायची सवय लागते आणि ती मोडायला मला वर्ष घालावं लागतं.

घरी काय कराल तर ज्वारीचं पीठ मळायला द्या. ज्वारीच्या पिठासारखं थेरपीचं सामान कुठल्या कॅटलॉगमध्ये नाही. गोळा दाबायचा, लांबवायचा, बोटांनी थापायचा, फाटली तर फाटली भाकरी. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, ओले रुमाल पिळायचे, कपड्यांना चिमटे लावायचे. बाहेरच्या भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं डोळ्याच्या उंचीला मोठी अक्षरं काढायची, त्यानं मनगट आपोआप बरोबर वळतं आणि उन्हात लगेच वाळतं म्हणून चूक दिसत राहत नाही, हे लेकरांना फार आवडतं. नवी लांब पेन्सिल देऊ नका, बोटभर तुकडा द्या, खडूचा तर अजून छोटा, तुकडा मुठीत मावतच नाही म्हणून तीन बोटं आपली आपण येतात. खाली बसून वाकून लिहिण्यापेक्षा छोटा चौरंग नाहीतर पाट उतरता टेकवून त्यावर वही.

आणि आपली लिपी बघा. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार, डावीकडं पहिली वेलांटी, उजवीकडं दुसरी, म्हणजे एका अक्षराभोवती हात चारी दिशांना फिरवावा लागतो. इंग्रजी बरं लिहितंय आणि मराठी लिहिना झालंय म्हणून आईबाप चक्रावतात, त्यात ह्याचाही वाटा असतो. अशा लेकराला आधी नुसतं अक्षर लिहू द्या, शिरोरेषा शब्द झाल्यावर एकदम. दुरेघी वहीतली खालची रेघ स्केचपेननं जाड करून द्या. घ-ध, भ-म ची गल्लत पहिलीत बऱ्याच जणांची होते, तिसरी-चौथीत पण तशीच राहिली आणि वाचनही अडकत असेल तर एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली कायमची अडचण) तपासणी करून घ्या. त्याचा दाखला आठ वर्षांच्या आधी मिळत नाही.

हे करू नका

माझीच चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका चार वर्षांच्या मुलाला झोळीच्या झोक्यात गोल फिरवलं. खदखदा हसत होता, मला वाटलं आवडतंय, अजून फिरवलं. परत जाताना एसटीत त्यानं तीनदा उलटी केली आणि पुढं महिनाभर आमच्या दारात पाऊल टाकायला तयार नव्हता. गोल फिरण्याचा परिणाम उशिरा आणि बराच वेळ राहतो, हसणं म्हणजे सहन होतंय असं नाही. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया यायला लागल्या की लगेच थांबायचं. घरी झोका द्यायचाच तर पुढं-मागं, हळू, आणि थांबवायचं लेकराच्या हातात.

लेकरू शांत व्हावं म्हणून विकतात ते वजनाचे जॅकेट ऑनलाइन घेऊ नका, त्यांचा पुरावा कच्चा आहे आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बेचाळीस डिग्रीत लेकराला ते घालणं म्हणजे थेरपी नव्हे, छळ. आजीची वाकळ अंगावर घेऊन आवडत असेल तर घेऊ द्या, फक्त तोंडावर नको आणि त्याची त्याला फेकून देता आली पाहिजे. ऑटिझम पूर्ण बरा करतो अशी गॅरंटी देणाऱ्यापासून लांब. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराच्या नावाखाली रान विकून पैसे भरणारे लोक आहेत, नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीनं ऑटिझमसाठी ते देऊ नका असं सांगितलेलं आहे.

कागदपत्रं, थोडक्यात

यूडीआयडी कार्डचा (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करायचा, मग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख मिळते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, ऑटिझम आणि एलडी त्यात आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढा, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा पण भाग आहे. दहावी-बारावीला तासाला वीस मिनिटं जादा, लेखनिक अशा सवलती मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडं जातो, लातूर, नांदेड, धाराशिवचा लातूरला आणि मराठवाड्यातल्या बाकी पाच जिल्ह्यांचा संभाजीनगरला. पण परीक्षेच्या महिन्यात धावपळ करून उपयोग नाही, नववीतच विषय काढा. आणि दाखला नाही म्हणून रांगेत जागा बदलून द्यायची थांबवायची गरज नाही, त्याला कुणाच्या सहीची गरज नसते.

उसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. दिवाळीनंतर चार-पाच महिने लेकरू कारखान्याच्या तळावर, नाहीतर गावात आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात. त्या काळात थेरपी बुडतेच. म्हणून जायच्या आधी ओटीकडून तीनच गोष्टी लिहून घ्या, ज्याच्याकडं लेकरू राहणार त्या माणसाला समोर करून दाखवा, आणि मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

जूनमध्ये परत

दरवर्षी जूनमध्ये वर्ग बदलतो, आणि जिल्हा परिषदेत बदल्या झाल्या की सरच बदलतात. मागच्या वर्षी जे जमलं ते सगळं जुन्या सरांच्या डोक्यात असतं आणि ते तिकडं कंधारला गेलेले असतात. म्हणून एप्रिलमध्येच, सर जागेवर असताना, वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या हातानं चार ओळी लिहून घ्या, ह्याला काय चालतं, काय चालत नाही, चिडला तर काय करायचं. शाळा भरायच्या आधी एक-दोन दिवस लेकराला मोकळ्या वर्गात नेऊन आणा, त्याचं बस्कर कुठं येणार, नळ कुठं, संडास कुठं ते दाखवा. मग नवीन बाई आल्या की वही घेऊन जा. झेरॉक्स काढून द्या, ओरिजिनल देऊ नका, ती परत येत नाही.